मोहतर्फा ते विवरणपत्र : लहान कमाईच्या हिशेबाची गोष्ट

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवरच्या पेढ्यांमध्ये आजही नव्या वहीवर हळदकुंकू वाहिले जाते आणि पाडव्याला तिच्यात पहिली नोंद पडते. आता हा बराचसा उपचार आहे. हिशेबाचे खरे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि खरी वही संगणकात असते. पण हा निव्वळ उपचार होऊन फार काळ लोटलेला नाही. हिंदुस्थान सरकारने आपले आर्थिक वर्ष १८६७ मध्ये १ एप्रिलपासून सुरू केले, तरी व्यापाऱ्याला प्राप्तिकरासाठी स्वतःचे हिशेबाचे वर्ष निवडण्याची मुभा पुढेही दीर्घकाळ होती. दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरून कर भरणाऱ्या पेढ्या पुण्यात पुष्कळ होत्या. १९८७ च्या दुरुस्तीने ही मुभा गेली आणि १९८९-९० या आकारणी वर्षापासून सर्वांना एकच वर्ष लागू झाले.

या गोष्टीत एक गृहीतक लपलेले आहे. वर्ष कोणतेही धरा, वही आहेच असे त्यात मानलेले आहे. पण ज्याच्याकडे वहीच नव्हती त्याचे काय? शिंपी, कासार, घाण्यावरचा तेली, घरात खाणावळ चालवणारी बाई, शिकवणीचे मास्तर, पुस्तके बांधणारा. यांना मालक नाही, म्हणून पगारपत्रक नाही. पेढी नाही, म्हणून मुनीम नाही. आपली कमाई थोडी आहे, हे अशा माणसाने सरकारला कसे दाखवायचे? गेली काही वर्षे मी या प्रश्नाच्या मागे आहे. मोडी कागदांचे लिप्यंतर करून देणे हा माझा व्यवसाय. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकले ते कागद वाचता वाचता. त्यामुळे हा प्रश्न मला ग्रंथांतून जितका भेटला तितकाच स्वतःच्या कामातूनही भेटला.

माग, घाणा, दुकान

मी राहते ती सदाशिव पेठ थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७६९ मध्ये सदाशिवराव भाऊंच्या नावाने वसवली. पेठ वसवणे म्हणजे नुसती जागा आखून देणे नव्हे. पेठेला शेटे-महाजन नेमले जात आणि येऊन राहणाऱ्या वाणी-उदमी, कारागिरांना काही वर्षांच्या करमाफीचा कौल देण्याची रीत होती. कौलाची मुदत सरली की कर सुरू होई. कारागिरांवरच्या आणि दुकानदारांवरच्या या कराला मोहतर्फा म्हणत. अरबीत ‘हिर्फा’ म्हणजे हुन्नर, धंदा. त्यावरून फारसीमार्गे हा शब्द मराठी दफ्तरात आला.

मोहतर्फ्याचे वैशिष्ट्य असे, की त्याला करदात्याच्या वहीची गरज नव्हती. कोष्ट्याकडे माग किती, तेल्याकडे घाणे किती, वाण्याचे दुकान केवढे, हे पाहून आकार ठरे. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या आणि नऊ भागांत प्रसिद्ध झालेल्या पेशव्यांच्या रोजनिशीतून महसुलाच्या या बाजूचे पुष्कळ दर्शन घडते. न्यायमूर्ती रानडे यांनी या रोजनिशीवर १९०० मध्ये निबंध लिहिला. राजे आणि लढाया यांच्या पलीकडचा इतिहास या कागदांत आहे, हे त्यांनी ओळखले होते.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर कर बसवणे ही आपलीच रीत होती असे नाही. क्रांतीनंतरच्या फ्रान्सने १७९१ मध्ये धंद्यांवर ‘पातांत’ नावाचा कर बसवला, तोही धंद्याचा प्रकार आणि जागेचे भाडे यांवरून. १७९८ मध्ये तिथे घराची दारे-खिडक्या मोजून कर घेणे सुरू झाले. माणसाला घरात शिरून ‘तू किती मिळवतोस’ असे विचारायचे नाही, बाहेरून मोजायचे, हे त्यामागचे तत्त्व.

या पद्धतीत अन्याय होता, हे उघड आहे. माग तोच, पण यंदा सूत महाग, गिऱ्हाईक नाही, घरात आजार. तरी आकार तेवढाच. वर्ष वाईट गेले तर सूट मिळावी म्हणून अर्ज करावा लागे आणि ती मिळणे अंमलदाराच्या मर्जीवर असे. पण एक सोय होती. कोष्ट्याला लिहिता येत नसले तरी चालत असे. मोजणे हे सरकारचे काम होते.

दुसरा परिणाम इतिहासकाराला भोगावा लागतो. पेशव्यांची फडणिशी हिशेबात अत्यंत काटेकोर होती. रोजकीर्द, खतावणी, झाडे, ताळेबंद आणि साऱ्या मुलखाच्या हिशेबाची जुळणी करणारे पुण्यातले ‘एक बेरीज दफ्तर’. या कागदांत कोष्टी सापडतो, पण एका ओळीपुरता. नाव, माग, आकार. त्या मागावर वर्षभर काय विणले गेले, सुताला किती गेले, घरी काय उरले, यातले काही नाही. मोजणाऱ्याची वही उरली. ज्याला मोजले त्याची वही कधी नव्हतीच.

सांगण्याची सक्ती

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातला मोहतर्फा काही काळ चालू राहिला. १८४४ च्या १९ व्या कायद्याने शहरांतील जकाती आणि धंद्यांवरचे सर्व कर रद्द झाले. सोळा वर्षे लहान कारागिरावर प्रत्यक्ष कर असा नव्हता.

१८५७ च्या उठावाने कंपनीचे राज्य गेले आणि राणीच्या सरकारच्या डोक्यावर मोठे कर्ज आले. ते निस्तरायला जेम्स विल्सन यांना विलायतेहून पाठवण्यात आले. ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचे हे संस्थापक. त्यांनी १८६० मध्ये हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळवणाऱ्यावर दोन टक्के आणि त्यावरच्या मिळकतीवर चार टक्के. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विल्सन कलकत्त्यात वारले. कर मात्र राहिला.

दर किती हे मला यात तितके महत्त्वाचे वाटत नाही. महत्त्वाचे हे, की प्रश्नाची दिशा उलटली. सरकार आता माग मोजत नव्हते. ते विचारत होते, ‘तुमची वर्षाची मिळकत किती?’ उत्तर देण्याचे काम कमावणाऱ्याचे झाले. महिन्याला सतरा रुपये मिळवणारा माणूस २०० रुपयांच्या रेषेच्या वर जात होता, सोळा मिळवणारा खाली राहत होता. पण आपण सोळावाले आहोत की सतरावाले, हे लहान धंदेवाल्याला तरी कुठे ठाऊक होते? आणि ठाऊक असले तरी ते दाखवायचे कशावरून? मोठ्या सावकाराची वही होती आणि ती कशी लिहायची हे मुनिमाला नेमके कळत होते. लहानाकडे दाखवायला काही नव्हते. दोनच वर्षांत, १८६२ मध्ये, सरकारने ५०० रुपयांखालच्या मिळकतीवरचा कर सोडून दिला.

पुढची पंचवीस वर्षे धरसोडीची आहेत. १८६५ मध्ये प्राप्तिकर बंद. १८६७ मध्ये धंद्यांवर परवाना कर. १८६८ मध्ये त्याचे रूप बदलले. १८६९ मध्ये पुन्हा प्राप्तिकर. १८७३ मध्ये तो बंद. मग १८७६-७७ चा दुष्काळ पडला आणि त्याच्या खर्चाची तजवीज म्हणून १८७८ मध्ये परवाना कर पुन्हा आला. या वेळी सुरुवातीची मर्यादा इतकी खाली ठेवली होती, की अगदी लहान दुकानदारही तिच्यात सापडला. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेत लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला. १८८० मध्ये मर्यादा ५०० रुपयांवर नेण्यात आली.

१८८६ च्या कायद्याने प्राप्तिकर कायमचा बसला. त्यातली एक तरतूद लहान माणसाच्या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखी आहे. २,००० रुपये किंवा त्याहून जास्त मिळकत असणाऱ्यांकडून विवरणपत्र मागवले जाई. त्याखालच्यांची यादी कलेक्टर स्वतःच्या अंदाजाने करी आणि ती कचेरीत पाहायला ठेवली जाई. यादीत नाव चुकीने आले असे वाटले, तर मुदतीत अर्ज करायचा. म्हणजे बाहेरून मोजणे आणि स्वतः सांगणे या दोन्ही पद्धतींतला जाच लहान माणसाच्या वाट्याला एकदम आला. अंदाज सरकारचा, पण तो खोटा आहे हे सिद्ध करायचे काम याचे. मिळकत ५०० च्या आत आहे याचा पुरावा काय? गिऱ्हाईक न आलेल्या दिवसांची पावती कुठे मिळते?

कागद कोणाच्या हातात

लिहिलेला कागद नेहमी दुसऱ्याच्या हातात असला की काय होते, हे पुणे जिल्ह्याने १८७५ मध्ये पाहिले होते. १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांना धान्यापेक्षा, पैशापेक्षा कर्जरोखे हवे होते. ते हिसकावून जाळले गेले. पुढे आसपासच्या गावांत आणि नगर जिल्ह्यातही हेच घडले. हा राग कर्जाइतकाच कागदावर होता. ऋणकोने किती फेडले हे धनकोच्या वहीतच लिहिलेले, आणि ती वही न्यायालयात खरी.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या दंग्यांतून आला. व्याजाचा फेरविचार, अटकेपासून संरक्षण या त्यातल्या तरतुदी प्रसिद्ध आहेत. त्या मानाने कमी बोलले जाते ते दुसऱ्या एका भागाबद्दल. शेतकऱ्याने पैसे भरले की सावकाराने लेखी पावती द्यायची, मागितल्यास वर्षाचा हिशेब उतरवून द्यायचा, मागितल्यास पासबुक द्यायचे. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारने गरीब माणसाच्या हातात त्याच्या स्वतःच्या व्यवहाराचा कागद देण्याचा हा एक ठळक प्रयत्न. कायद्याची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय. पण निदान नेमके केले होते. नोंद ज्याच्याकडे, बाजू त्याची.

कर शून्य, हिशेब मात्र हवा

आता आजच्या सदाशिव पेठेत येऊ. स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी ही पेठ भरली आहे आणि त्यांच्यावर चालणारे कितीतरी छोटे व्यवसाय इथे उभे आहेत. आमच्या गल्लीतल्या एक काकू अशा मुलांना डबे देतात. त्यांचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो. तारखेच्या चौकटीत डब्यांचा आकडा, त्याखाली खाड्यांच्या फुल्या. किराण्याचे मागच्या पानावर. महिना संपला की पान फाडून त्यावर भाजी निवडतात. मी एकदा म्हटले, की ही पाने ठेवत जा. त्या म्हणाल्या, “अहो ताई, मला कर लागतच नाही, मग लिहून ठेवू कशाला?”

प्रश्न वाजवी आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या कररचनेत सवलत धरून १२ लाख रुपयांपर्यंतच्या धंद्याच्या वा व्यवसायाच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. काकू त्याच्या कितीतरी खाली आहेत. कायद्यानेही त्यांना जाड वह्या ठेवायला लावलेले नाही. १९६१ च्या कायद्यातल्या ४४ एडी या कलमाने लहान धंद्याला अनुमानाने उत्पन्न दाखवता येते. उलाढालीच्या निदान ८ टक्के, आणि पैसे बँकेमार्फत आले असतील तर त्या भागावर ६ टक्के. उलाढाल सहा लाख रोख असेल, तर ४८,००० रुपये नफा झाला असे धरून विवरणपत्र भरता येते. १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणाऱ्या नव्या कायद्यातही ही सोय ठेवली आहे. मोहतर्फ्याचे कागद वाचलेल्या माणसाला ही पद्धत ओळखीची वाटते. बाहेरून दिसणारी एक खूण घ्यायची आणि आतले विचारायचे नाही.

राज्याच्या व्यवसाय कराचे नाते तर आणखी जवळचे आहे. महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा धंदा, व्यवसाय, आजीविका यांवर कर बसवतो. संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने त्याची वरची मर्यादा आखली आहे; १९८८ च्या दुरुस्तीने ती वर्षाला २५० वरून २,५०० रुपये झाली. वकील, सल्लागार, विमा एजंट अशा नोंदणी केलेल्या स्वयंरोजगाऱ्याने हे २,५०० भरायचे, मग त्याचे वर्ष कसेही गेलेले असो. माग मोजून आकार घेण्याचीच ही तऱ्हा.

मग लिहावे कशाला? कारण कर भरण्यापलीकडे नोंदीची गरज आता अनेक ठिकाणी पडते. पहिले उदाहरण माझेच. ज्या संस्थांचे लिप्यंतर मी करते, त्यांतली एखादी वर्षभरात ५०,००० रुपयांवर मानधन देते (मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा ३०,००० होती), तेव्हा दहा टक्के टीडीएस कापून घेते. माझे एकूण उत्पन्न करपात्र नसले तरी कापते. बँकेतल्या ठेवीच्या व्याजासाठी ‘माझे उत्पन्न करपात्र नाही’ असा १५ जी फॉर्म देऊन कपात थांबवता येते. मानधनाच्या बाबतीत ती सोय नाही. कापलेले पैसे परत हवे असतील, तर विवरणपत्र भरायचे, फॉर्म २६ एएस मध्ये कपात दिसते का पाहायचे, आणि ती दिसत नसेल तर संस्थेच्या लेखापालाला पुन्हापुन्हा फोन करायचे. एका संस्थेकडून माझ्या नावावरची कपात नोंदली जायला चौदा महिने लागले. माझ्याकडे तारीखवार मानधनाची यादी, बिलांच्या प्रती आणि बँकेचा उतारा होता, म्हणून बोलता आले. रक्कम मोठी नव्हती. माझ्या दोन महिन्यांच्या किराण्याइतकी होती.

दुसरे उदाहरण काकूंचे. मोठा गॅस आणि फ्रीज घेण्यासाठी त्यांनी कर्ज मागितले, तेव्हा बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली. ती नव्हती. आता भरायला घेतली, तर दुसरा पेच. अनुमानाने किमान आकडा दाखवावा, तर तो इतका लहान की त्यावर हप्ता झेपेल असे बँकेला वाटत नाही. खरा आकडा दाखवावा, तर तो कशावरून काढायचा? कॅलेंडरची पाने भाजीच्या देठांबरोबर गेली. कायदा किमान आकड्याहून जास्त, म्हणजे प्रत्यक्ष असेल तेवढे उत्पन्न दाखवायला सांगतोच. पण प्रत्यक्ष किती, हे फक्त नोंद सांगू शकते. कारागीर कोष्ट्याला आपण फार मिळवत नाही हे पटवायचे होते. काकूंना दोन्ही पटवायचे आहे: कराच्या खिडकीवर आपण लहान आहोत, आणि कर्जाच्या खिडकीवर आपण अगदीच लहान नाही. दोन्हीकडे एकच खरा आकडा चालतो, पण तो हाताशी असावा लागतो.

तिसरी वही

मोजणे सरकारवर सोडले तर अंदाजाचा जाच, एकट्या माणसावर सोडले तर ओझे. यातून वाट काढण्याचा एक प्रयत्न पुण्यानेच केलेला आहे. बाबा आढावांनी १९५५ मध्ये हमाल पंचायत उभी केली, तेव्हा बाजारातला हमाल कोणाचाच नोकर नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या; मजुरी पोत्यावर, वाटणी टोळीत. १९६९ च्या माथाडी कायद्याने व्यापाऱ्याने मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने ती कामगाराच्या नावे नोंदवायची अशी व्यवस्था केली. हमालाने स्वतः वही लिहिली नाही, पण त्याच्या नावाची वही झाली. भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचा पगार तिच्यावर उभे राहिले.

१९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. कचरा वेचणाऱ्या बायांना संघटनेने ओळखपत्रे दिली आणि पुणे महापालिकेने त्यांवर मोहोर उठवली. ज्यांच्या कामाची कुठेच नोंद नव्हती, त्यांची पहिली नोंद ही. २०२० च्या टाळेबंदीनंतर जूनमध्ये पथविक्रेत्यांसाठी केंद्राची स्वनिधी योजना आली. १०,००० रुपयांचे पहिले कर्ज. त्यासाठी विक्री प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा पालिकेचे शिफारसपत्र लागत होते. कुठल्या ना कुठल्या वहीत नाव असणाऱ्याला रांगेत उभे राहता आले.

शिंपी, डबेवाल्या काकू, शिकवणीचे मास्तर यांना मंडळ नाही, टोळी नाही. त्यांच्यासाठी अशी तिसरी वही अजून कोणी काढलेली नाही. ती निघेपर्यंत स्वतःची वही हेच त्यांचे संरक्षण आहे. त्यासाठी लेखापाल लागत नाही. तारीख, कोणाकडून, किती, रोख की बँकेतून. खर्चाच्या बाजूला तेच. जुन्या रोजकीर्दीत याहून वेगळे काही नसे. धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवले आणि पावत्या महिन्यागणिक पाकिटात घातल्या, की खतावणीचे निम्मे काम होते. काकूंनी गेल्या पाडव्यापासून दोनशे पानी वही केली आहे. खाड्यांच्या फुल्या त्यात कॅलेंडरसारख्याच आहेत.

इतिहास शिकणाऱ्यांकडूनही एक मागणे आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये राजवाड्यांच्या पुढाकाराने सुरू झाले, ते याच पेठेत आहे. वाडे पालथे घालून तिथे कागद गोळा झाले, आणि ते बहुतेक सरदार, देशमुख, सावकार, मठ यांचे. कागद त्यांच्याकडेच असत. विसाव्या शतकात मात्र लिहिता येणारे लहान धंदेवाले पुष्कळ झाले. शिंप्याच्या मापांच्या वह्या, खाणावळीच्या महिनेवार याद्या, पुस्तकबांधणीच्या बिलांची पुस्तके, शिकवणीच्या फीची टाचणे माळ्यांवर पडलेली असतात. पेशवाईतल्या कोष्ट्याची बाजू आपल्याला कायमची हरवली. यांची अजून हरवलेली नाही. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या काट्यावर पहिल्यांदा ह्याच वह्या चढतात. या वर्षी चढवण्याआधी निदान एकदा उघडून पाहाव्यात.